सोमवारचा बाजारभाव आणि दूरचे दुःख

वर्तमानपत्रातील 'बाजारभाव' या सदराची गणना वाङ्मयात होत नाही, आणि ती व्हावी असा हट्ट मीही धरणार नाही. परंतु सोमवारचा अंक हाती आला की अग्रलेखाच्या आधी मी जे वाचतो ते हेच सदर होय. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी मोठी आवक होते आणि सोमवारी तिचा वृत्तान्त छापून येतो. आग्रा-इंदुराकडून बटाट्याचे ट्रक किती आले, मध्य प्रदेशातून लसूण किती उतरला, कर्नाटकाची मिरची किती, सातारी आल्याच्या गोणी किती, पावसाने कोथिंबीर भिजल्यामुळे जुडीचा दर कोठे जाऊन बसला, हे सारे त्यात ओळीने दिलेले असते. वाक्ये ठरावीक. 'मागणीच्या मानाने आवक कमी', 'भाव स्थिर', 'आवक टिकून' अशा आठ-दहा शब्दप्रयोगांवर लेखकाचे वर्षभर भागते. विशेषणे जवळजवळ नाहीतच. आणि तरीही सबंध अंकात इतके विश्वासार्ह लेखन दुसरे सापडणे कठीण. कारण आकडा चुकला तर तो चुकला हे ओळखणारे आडते, तोलणार, शेतकरी आणि भाजीवाले शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीही गप्प बसणाऱ्यांतला नाही.

त्याच अंकाच्या एखाद्या आतल्या पानावर, बहुधा डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, दूरच्या कोणत्या तरी मुलखातील उपासमारीची दहा-बारा ओळींची बातमी असते. तिच्यात 'भीषण', 'हृदयद्रावक', 'मृत्यूचे थैमान' हे शब्द असतात. आकडा असलाच तर 'हजारो' किंवा 'लाखो' असा, म्हणजे नसल्यासारखाच. ती बातमी दुसऱ्या दिवशी पुढे चालत नाही. ते थैमान थांबले की वाढले, हे कळण्याची वाचकाला सोय नसते, आणि खरे सांगायचे तर त्याला त्याची आठवणही नसते. एकाच कागदावर, एकाच शाईने छापलेले हे दोन मजकूर मी जवळजवळ ठेवून पाहतो तेव्हा मला वाटते की, दूरच्या संकटांकडे लोकांचे लक्ष का जात नाही या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या काळजात शोधण्यापेक्षा या दोन मजकुरांच्या घडणीत शोधावे.

सर्वसाधारण समजूत अशी की दूरचे दुःख दूर असल्यामुळेच कळत नाही. ही समजूत मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण मार्केट यार्डातच आहे. फळभाज्यांच्या गाळ्यांकडून जरा भुसार विभागाकडे वळावे. आमच्या घरची आमटी ज्या तुरीची होते ती सगळी विदर्भ-मराठवाड्याची, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी तो समज सोडून द्यावा. देशात पिकणारी तूर देशाला पुरत नाही. म्हणून २०१६ साली भारत सरकारने मोझांबिकशी तूर आणि इतर डाळींच्या आयातीचा करार केला. टांझानिया, मलावी आणि ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, येथूनही ती येते. दिवाळीच्या चकलीच्या भाजणीत गृहिणी जे उडीद घालतात त्यांतले बाहेरून येणारे उडीद बहुतेक ब्रह्मदेशाचेच. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोट खोळंबली किंवा रंगूनला भाव वधारला की त्याची कुणकुण प्रथम व्यापाऱ्यांना लागते, मग वर्तमानपत्राच्या वाणिज्यपृष्ठाला, आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघराला. हजारो मैलांचा हा पल्ला बातमी बिनबोभाट तोडते.

पण त्याच मोझांबिकच्या उत्तरेस काबो देलगादो नावाच्या प्रांतात २०१७ च्या ऑक्टोबरपासून सशस्त्र बंडाळी माजली आणि लाखो माणसांना घरदार सोडावे लागले, हे आमच्यापैकी किती जणांच्या कानी आले? ब्रह्मदेशात २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतरच्या यादवीत तीस लाखांहून अधिक माणसे आपल्याच देशात निर्वासित झाली. ज्या मंडालेत लोकमान्यांनी सहा वर्षे काढली आणि ज्याचे नाव पुण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते, त्या मंडालेच्या आसपासची ही गोष्ट आहे. २८ मार्च २०२५ ला तेथे भूकंप झाला तेव्हा मात्र चार दिवस मंडाले पहिल्या पानावर होते, आणि भारताने विमाने व जहाजे भरून मदतही तातडीने धाडली. धरणी शांत झाली, मंडाले पानावरून गेले. यादवी चालूच राहिली, आणि उडीदही येतच राहिले.

परदेश राहू द्या. १९९३ हे एकच वर्ष घ्या, आणि आपले एकच राज्य.

त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. पुण्यातील विसर्जनाच्या मिरवणुका अजून रस्त्यावरच होत्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली गेली. मग महाराष्ट्र जो धावला, तो धावताना ज्यांनी पाहिला त्यांना विसरता येणार नाही. धान्य, कपडे, औषधे, ताडपत्र्या घेऊन निघालेल्या वाहनांनी त्या बाजूचे रस्ते भरून गेले; मदतीची वाहने इतकी झाली की मदत पोहोचवणेच अवघड व्हावे. भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. मराठी माणसाचे मन कोरडे पडले आहे असे जे विद्वान दरवर्षी सांगतात, त्यांनी हे एवढे लक्षात ठेवावे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत, कोरकूंची लहान मुले मोठ्या संख्येने दगावल्याची वार्ता बाहेर आली होती. वार्ताहर गेले, मंत्र्यांचे दौरे झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. पण तिकडे वाहनांची रीघ लागली नाही. गुलटेकडीहून किल्लारी जवळ आणि धारणी लांब, हे खरे. पण एवढ्याने उलगडा होत नाही. किल्लारीला तारीख आहे, वेळ आहे, ढिगारा आहे. मेळघाटाला फक्त पावसाळा आहे, आणि तो दरवर्षी येतो. किल्लारीची माणसे एका पहाटे गेली. मेळघाटाची मुले एकेक करून, वेगवेगळ्या पाड्यांवर, वेगवेगळ्या रात्री गेली. शिवाय कागदावर ती भुकेने जात नाहीत. तेथे न्यूमोनिया असतो, हगवण असते, जन्मतः कमी वजन असते. भूक हे कारण लिहिण्यासाठी सरकारी तक्त्यात रकानाच नसला तर भुकेची बातमी तरी कोठून व्हावी? एरवी गावाची खबर मालाबरोबर शहरात येते. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्यांत मराठवाड्याच्या आणि सोलापूर-नगरकडच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली माणसे पुष्कळ, त्यामुळे तिकडे पाऊस झाला की नाही हे पुण्याला वेधशाळेखेरीजही समजते. मेळघाटाचे नाव मात्र सोमवारच्या आवकीत मला कधी आढळले नाही.

बातमी कोणत्या वाटेने येते, याचे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव दिसत नाही, हे प्रथम ध्यानात आले आणि पुढे कळवले गेले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकामुळे. त्या रस्त्याला एस. टी. नसती तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. ज्या पाड्याला एस. टी. जात नाही, तेथे गाव एकदम नाहीसे होत नाही, हळूहळू होते.

घटना आणि प्रक्रिया यांतील हा फरक पी. साईनाथ यांनी फार पूर्वी दाखवून दिला. देशातील अतिशय गरीब जिल्ह्यांत फिरून त्यांनी जे लिहिले ते १९९६ साली पुस्तकरूपाने आले आणि मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने वाचले गेले. वर्तमानपत्रांना घटना हवी असते आणि दारिद्र्य ही घटना नव्हे, हे त्यांचे म्हणणे आता सर्वांना मान्य आहे. इतके मान्य आहे की त्यामुळे कोणाची झोप मोडत नाही. मला त्यापुढची एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. ती अशी की, दुःखी माणसाने हे नियम आता शिकून घेतले आहेत. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडे वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश मिळाला. त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर फिरले. कांद्याचा भाव काही त्याच दिवशी पडला नव्हता. तो पडत असताना रोज छापून येत होता. येथे माझ्या आवडत्या सदराचीही मर्यादा उघड होते: त्यात कांद्याचा भाव असतो, कांदेवाल्याचा नसतो. तो कळायला मनीऑर्डरचे नाट्य करावे लागते.

आणि नाट्यही शहरात यावे लागते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सहा दिवस चालत मुंबईला पोहोचले. पहिले काही दिवस त्यांची वार्ता किरकोळच होती. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीतून चालून गेले. सकाळी त्यांचे फुटलेले तळपाय मुंबईने पाहिले, आणि मग पाणी, खाऊ, चपला घेऊन मुंबईकर रस्त्यावर आले. ते आले याचा मला आनंद आहे. पण नाशिकच्या डोंगरात ते तळपाय फुटलेले नव्हते काय? दूरच्याने जवळ यावे, आपले पाय दाखवावेत, तेही शाळकरी मुलांची झोप न मोडता, आणि मग आपण सहृदय व्हावे, अशी ही व्यवस्था आहे.

यात साहित्यिकांनी अंग काढून घेण्याचे कारण नाही. दिवाळी अंकांत एक-दोन गरिबीच्या कथा असतातच. त्या फराळातल्या तिखट शेवेप्रमाणे लागतात, गोडावर उतारा म्हणून. त्या वाचून डोळे ओले होतात आणि प्रकरण तेथेच संपते, कारण कथा कोणालाच काही मागत नाही. या दृष्टीने मला अण्णा भाऊ साठे यांच्या एका पवाड्याचे नाव नेहमी आठवते: 'बंगालची हाक'. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. सरकार 'दुष्काळ' हा शब्दच टाळत होते. २२ ऑगस्ट १९४३ ला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, संपादक इयान स्टीफन्स यांच्या निर्णयाने, रस्त्यावर मरून पडलेल्यांची छायाचित्रे छापली तेव्हा जगाला ती गोष्ट नाकारता येईना. इकडे मुंबईत वारणेकाठच्या वाटेगावातून आलेला शाहीर तीच गोष्ट डफावर गिरणगावाला सांगत होता. बंगाल गिरणगावापासून किती मैल, हा प्रश्न कोणी विचारला नसावा. ऐकणाऱ्यांतले बहुतेक स्वतःच्या गावातून भुकेनेच हाकलले गेलेले. पवाड्याच्या नावातच सारे आले आहे. हाक मारणारा कोणी असतो, आणि ती कोणाला तरी मारलेली असते. आजच्या बातमीत हे दोघेही नसतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या त्या दुष्काळाचा हिशेब मांडला, आणि पुढे असे दाखवले की जेथे निवडणुका आणि स्वतंत्र वर्तमानपत्रे आहेत तेथे मोठा दुष्काळी मृत्युकांड होऊ शकत नाही. पण त्याच सेनांनी हेही सांगितले की, रोजची अर्धपोटी भूक याच स्वतंत्र वर्तमानपत्रांच्या नजरेतून निसटते. या दुसऱ्या विधानाची आठवण कमी काढली जाते.

शब्द टाळण्याचे हे कसब परक्या सरकारापुरतेच होते असे नाही. १९६३ साली आपल्याच राज्याने कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' ही संज्ञा काढून टाकली आणि तिच्या जागी 'टंचाई' आणली. कारण असे की, शेतीच्या स्थितीवर सरकारची आता सतत देखरेख असल्याने दुष्काळाला वावच उरलेला नाही. कायद्याची प्रत पावसाला पोहोचली नसावी. १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती. ज्यांनी त्या वर्षी सुकडी आणि तांबडा मिलो खाल्ला त्यांना 'टंचाई' हा शब्द आजही हसू आणतो. मात्र न्यायाने बोलायचे तर याच दुष्काळात महाराष्ट्राने माणसे मरू दिली नाहीत, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात उतरली. पन्नास लाखांची हजेरी मस्टरवर रोज लागत होती. जे रोज मोजले जाते ते नजरेआड करता येत नाही.

मोजण्याचे हे काम पुण्याला नवे नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, सार्वजनिक काकांच्या आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या नेतृत्वाखाली, दख्खनच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकरवी वृत्तान्त मागवले आणि ते एकामागून एक सरकारला सादर केले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापावर आणली, तेव्हा ती जगायला पुरत नाही हे सभेने तक्रारीच्या नव्हे, हिशेबाच्या भाषेत मांडले. त्या वृत्तान्तांत अश्रू फारसे नाहीत. विल्यम डिग्बी यांना त्या दुष्काळाचा इतिहास लिहिताना त्यांचा आधार घ्यावा लागला. त्याच १८७७ साली सावित्रीबाई फुले जुन्नरकडच्या ओतूरहून पतीला दुष्काळाची हकीकत कळवत होत्या, आणि जोतीरावांनी मे महिन्यात पत्रक काढून धनकवडीच्या छावणीतील बालाश्रमासाठी मदत मागितली. ती धनकवडी आजच्या मार्केट यार्डापासून दोन-तीन मैलांवर आहे. एक वृत्तान्त, एक हाक. दोन्ही एकाच शहरातून, एकाच वर्षी.

आपल्या काळात हे काम गडचिरोलीत झाले. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांतील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवायला सुरुवात केली. मग त्या नोंदीवरून उपाय ठरवले. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आले. हा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ साली अनेक संस्थांनी मिळून केलेला 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी कागदांत नोंदलेल्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्याने दाखवले. त्या अहवालाने विधानसभा हलली, ती त्याच्या शीर्षकामुळे की त्यातल्या आकड्यांमुळे, हे सांगणे कठीण. शीर्षक सुंदर आहे, पण मी आकड्यांच्या बाजूने आहे.

तेव्हा संपादकांना माझी एक साधी सूचना आहे. सोमवारच्या बाजारभावाच्या शेजारी अर्धा कॉलम रिकामा ठेवावा. त्यात धारणी, चिखलदरा, भामरागड, अक्कलकुवा अशी पाच-सहा तालुक्यांची नावे कायमची छापावीत. समोर गेल्या आठवड्यातले जन्म, त्यांत कमी वजनाचे किती, दगावलेली मुले किती, डॉक्टरांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, रोजगार हमीची थकलेली मजुरी किती दिवसांची. विशेषणे नकोत. 'स्थिर', 'वाढली', 'घटली' एवढे शब्द पुरेत. मृत्यूंना भाजीच्या शेजारी बसवणे काहींना क्रूर वाटेल. मला आतल्या पानाचा खालचा कोपरा त्याहून क्रूर वाटतो.

ही सूचना मी एका संपादकमित्राला तोंडी सांगून पाहिली. तो सज्जन आहे. त्याने चहा मागवला आणि विचारले, "हे वाचणार कोण?" मी म्हटले, सातारी आल्याचा भाव तरी कोण वाचतो? ज्याला आले घ्यायचे वा विकायचे आहे तो. बाकीचे पान उलटतात, आणि त्यामुळे आल्याचा भाव छापणे कोणी बंद करत नाही. अर्धा कॉलम अमरावती, गडचिरोली आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि मुंबईतल्या आरोग्यसचिवांनी वाचला तरी चालेल. एखादा आकडा चुकला तर धारणीहून कोणी तरी फोन करून सांगेल, आणि त्या दिवशी वर्तमानपत्राला धारणीत वाचक मिळालेला असेल. मित्र हसला. पुढच्या महिन्यात जाहिराती कमी झाल्या की बघू, म्हणाला.